बाविसावा रकाना

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि मयुरीने दिवसाचे पहिले फ्रिक्वेन्सी टेबल काढले होते. वर्ध्यातल्या एका आरोग्य सर्वेक्षणाच्या कार्यालयात तिचे काम असे. गावोगावचे कागदी फॉर्म संगणकात भरून झाले, की एकेक रकाना घ्यायचा आणि त्यात कोणता आकडा किती वेळा आला ते पाहायचे. जो आकडा नियमपुस्तिकेत नाही, तो चूक. ती सुधारायची आणि फाइल पुढे पाठवायची.

सर्वेक्षण न जगलेल्या बाळांचे होते. बाविसावा रकाना विचारतो, बाळ जन्मल्यावर रडले का? होय म्हणजे १, नाही म्हणजे २, माहीत नाही म्हणजे ९. रडले असेल तर बाळाचा जन्मही मोजला जातो आणि मृत्यूही. रडले नसेल तर तो उपजत मृत्यू. जन्माच्या आकड्यात ते बाळ येत नाही.

टेबलात २ आणि ९ यांच्या मध्ये एक जादा ओळ होती. ६, एक वेळा.

मागच्या महिन्यातही याच रकान्यात दोन सहा निघाले होते. कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांत सहा हा नवाच्या बरोबर खाली असतो. बोट घसरले असेल असे समजून मयुरीने दोन्हींचे नऊ केले, फाइल गेली. पण बोट तिसऱ्यांदा त्याच जागी घसरत नाही. तिने मूळ फॉर्म काढला. रोहणा गावचा होता. निळ्या शाईत, ठसठशीत सहा.

एन्ट्रीचा प्रोग्रॅम नियमाबाहेरचा आकडा घेतच नाही. प्रत्येक रकान्याला तसे कुलूप असते. या एका रकान्याचे कुलूप काढलेले होते. कोणी काढले, तेही संगणकाने दाखवले. कोकिळा.

मयुरीच्या आधी या खुर्चीवर कोकिळा बसे. श्रावणात तिला कावीळ झाली आणि आठवड्यात ती गेली. मयुरीचे लॉगिन अजून तयार झालेले नाही, त्यामुळे ती करील ती प्रत्येक दुरुस्ती संगणक कोकिळाच्या नावावर चढवतो. मागच्या महिन्यातले ते दोन नऊही तिच्याच नावावर होते, ती गेल्यानंतरच्या तारखेला. एसीच्या गारव्यासाठी ठेवलेला तिचा राखाडी स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तसाच आहे. कोणी नेला नाही, मयुरीने काढला नाही. ती पाठ न टेकता बसते.

डेटाचे काम पाहणाऱ्या धीरज सरांनी मान वर न करता सांगितले, नऊ करा. फाइल परवा संध्याकाळी जायची होती. “तुम्ही सहा चालवला, तर उद्या दुसरा जिल्हा सात काढील.” त्यात खोटे काही नव्हते.

मयुरीने रोहण्याला फोन लावला. तिथले फॉर्म प्रमिलाबाई भरतात.

“सहा बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “कोकिळाबाईनंच सांगतलं होतं.”

मग त्यांनी सगळे सांगितले. घरचे म्हणतात रडले नाही आणि आई म्हणते मी ऐकले, तेव्हा एकही लिहायचा नाही, दोनही नाही. सहा लिहायचा. मग कोकिळा सुटीच्या दिवशी स्वतः गावात येई, सासू बाहेर असेल ती वेळ धरून. आईजवळ एकटीच बसे. रडले का, असे विचारत नसे. आवाज कसा होता, एवढेच विचारी आणि थांबे. काही जणी सांगत. त्यांचा एक होई. काही खाली पाहत, त्यांचा दोन. फाइल पुढे जाईपर्यंत एकही सहा उरत नसे.

हा फॉर्म सपनाचा होता. दवाखान्यात पोचायच्या आधी, आर्वीच्या रस्त्यावर गाडीतच बाळंतपण झाले.

“सासू म्हनते, इंजिनाचा आवाज होता, तोच हिनं आयकला.”

“अन् ती काय म्हणते?”

“ती म्हनते, गाडी तं बंद होती.”

पलीकडे कुठे तरी भांडे पडल्याचा आवाज झाला.

“मागच्या त्या दोघी इचारून राह्यल्या, बाई काऊन नाई आली अजून. मेली म्हनून सांगू काय त्याइले?”

त्या दोघींची फाइल गेली होती. आता ती उघडणार नव्हती. मयुरीने ते सांगितले नाही. सपनाची सासू घरी कधी नसते, एवढेच विचारले.

“कापूस वेचाले जाते. आठ वाजल्यावर येजो.”

फोन ठेवल्यावर तिने त्या चौकटीत नऊ टाकून पाहिला. खाली लगेच ओळ आली, दुरुस्ती करणारी कोकिळा. तिने नऊ पुसला आणि पुन्हा सहा लिहिला. त्याखालीही तेच नाव आले.

धीरज सरांनी तिचा उद्याच्या रजेचा अर्ज वाचला. रजा तुमची, तिकीट तुमचे, पण फाइल परवाचीच, असे म्हणून सही केली.

साडेपाचला संगणकाने विचारले, कोकिळाला बाहेर पडायचे आहे का? मयुरीने होय दाबले.

मयुरी पुलगावला लागून असलेल्या नाचणगावला राहते. पुलगावहून आर्वीकडे जाणारी बस सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी सुटते आणि रोहण्याला थांबते.