मामीचे पाच गिगाहर्ट्झ

नागपूरच्या मे महिन्याशी समोरासमोर भांडण मांडणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझी धाकटी मामी. सगळं गाव दुपारी पडदे ओढून कूलरसमोर आडवं झालेलं असताना मामी डोक्याला ओला दुपट्टा बांधून कम्प्युटरचं पोट उघडून बसलेली असायची. कंपनीनं प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं त्याला पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा खरं तर थंड देशांतल्या लोकांचा छंद, कारण वेग वाढला की प्रोसेसर तापतो आणि फार तापला की कम्प्युटर बंद पडतो. मामीनं तो छंद धरला तो अशा गावात, जिथं मे महिन्यात नळाचं पाणीही चहा टाकण्याजोगं येतं. "थंडीत तर कोणीबी पळवते," ती म्हणायची, "शेचाळीस डिग्रीत पळवून दाखवा म्हणा त्याईले!"

मामी टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली. तोवर कम्प्युटरशी तिचा संबंध फडक्यानं पुसण्यापुरता होता. एकदा घरातला जुना कम्प्युटर फारच रेंगाळायला लागला म्हणून तिनं तो ऑटोत घालून सीताबर्डीला नेला. दुकानदारानं तो न उघडताच सांगितलं, "आंटी, इसको छोडो, नया ले लो." मामीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं पुढचं वाक्य गिळलं. कम्प्युटर आणि ती, दोघंही त्याच ऑटोनं परत आली. त्या दिवसापासून तिनं व्हिडिओ पाहून पाहून एकेक भाग बदलायला घेतला. दोन वर्षांत मूळच्या कम्प्युटरचं चालू करायचं बटण तेवढं शिल्लक राहिलं, तरी "हा तोच हाय" हा हट्ट तिनं सोडला नाही.

जन्मभर फोनवरचे आवाज ऐकून तिचा कान इतका तयार झाला होता, की पंख्याच्या आवाजावरून ती कम्प्युटरची तब्येत सांगायची. एकदा मी पुण्याहून तिच्याशी फोनवर बोलत होतो, तर मधेच म्हणाली, "तुह्या लॅपटॉपचा पंखा रडून राहिला. साफ करत नाही काय गा?" उघडून पाहिलं, तर आत धुळीची गादी. अंगातल्या विजेचा बारीकसा झटकाही नाजूक भागांना मारतो, म्हणून कम्प्युटर उघडण्याआधी ती बांगड्या काढायची आणि खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून ती वीज उतरवायची. हा नियम पाहुण्यांनाही लागू होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका दारातच थबकायच्या, कारण आतून हुकूम यायचा, "आधी गज शिवा!" कॉलनीतल्या निम्म्या बायका त्याला मामीच्या माहेरचा कुळाचार समजत होत्या. दोघीचौघींनी तर गजाला हळदीकुंकूही वाहिलं.

प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारा एक राखाडी लेप लावतात. त्याची नळी मामी फ्रिजमध्ये ठेवायची. थंडीत मामाच्या टाचांना भेगा पडल्या आणि त्यानं ती नळी मलम समजून निम्मी संपवली. तीन दिवस त्याच्या टाचा चांदीच्या दिसत होत्या. "पण आराम पडला बरं," मामा म्हणाला. मामीला नळीचं दुःख जास्त झालं.

तिचं स्वप्न एकच होतं, भर मे महिन्यात पाच गिगाहर्ट्झचा वेग. ते एका दुपारी साधलं आणि तासभर टिकलं. पुरावा म्हणून तिनं फोटो काढला. त्यात भिंतीवरचा तापमापक, कम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा आणि साक्षीदार म्हणून बनियनवर उभा मामा. पुढं महिनाभर मामा भेटेल त्याला सांगत होता, "आपल्या घरी पाच गिगाहर्ट्झ हाय!" ते खायचं की लावायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण अभिमान खरा होता.

त्याच वर्षी दिवाळीआधी मामाला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा तेवढी अडकली. त्याला सगळं समजायचं, पण शब्द ओठांशी येऊन परत जायचा. दिवसभर बोलणारा माणूस गप्प झाला आणि घर ओळखू येईनासं झालं. बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी कम्प्युटरवर एक प्रोग्राम घालून दिला. मामानं माइकमध्ये शब्द म्हणायचा, आणि कम्प्युटरला जो ऐकू आला तो पडद्यावर उमटायचा. पण मामीच्या कम्प्युटरलाही हा प्रोग्राम जड जात होता. शब्द उमटायला वीसेक सेकंद लागायचे, आणि तेवढ्यात आपलं चुकलं असं समजून मामा मान खाली घालायचा.

मामीनं वेग वाढवला, मग अजून वाढवला. शब्द लवकर यायला लागले, पण उन्हाळा तापू लागला तसा कम्प्युटर ऐन व्यायामात बंद पडायला लागला. एका दुपारी मी तिथंच होतो. मामानं घशातून ओढून एक शब्द काढला आणि पडदा काळा झाला. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. माझ्यामुळं, असं त्याला म्हणायचं होतं.

कम्प्युटर निवल्यावर मामीनं तो पुन्हा सुरू केला, आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या सगळ्या सेटिंग पुसून वेग कंपनीनं दिलेल्या आकड्यावर आणून ठेवला.

"मामी, अन् तुझे पाच गिगाहर्ट्झ?"

"त्याईले वाटून राहिलं, त्याईच्यामुळं बंद पडते. असा कम्प्युटर मले काय कराचा गा?"

दुसऱ्या दिवशी ती सीताबर्डीला गेली. आयता विकत घेतलेला वेग तिला कायम कमीपणाचा वाटायचा. पण त्याच दुकानात जाऊन तिनं असल्या प्रोग्रामचा भार उचलणारं नवंकोरं ग्राफिक्स कार्ड मागितलं. घरी येऊन बांगड्या काढल्या, गजाला हात लावला, कार्ड बसवलं आणि मामाला खुर्चीत आणून बसवलं.

मामानं बराच वेळ ओठ हलवले. मग म्हणाला, "पा... णी." त्याच्या तोंडून शब्द सुटला न सुटला तोच पडद्यावर आला: पाणी. मामानं तो वाचला, आमच्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, "पाणी." पुन्हा तोच शब्द उमटला. मग तो थांबेचना. आणि ज्या टेबलावर मामीनं आजवर कुणाला पाण्याचा थेंब नेऊ दिला नव्हता, त्यावर ती दर वेळी भरलेला पेला आणून ठेवत होती. अकरा पेले झाले.

आता मामा बोलतो. सावकाश, मधे मधे थांबत. गेल्या महिन्यात गेलो, तेव्हा तो पारशिवनीला नोकरीत असताना नाल्याच्या पुरात त्याची सायकल वाहून गेली ती हकिगत सांगत होता. पूर्वी ती पाच मिनिटांत संपायची. आता नाल्यापर्यंत पोचायलाच चहा गार झाला, आणि तिथं एका शब्दाशी तो अडला. मला शब्द ठाऊक होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामीनं माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. येऊन राहिला."

आम्ही थांबलो. शब्द आला, मामा पुढं निघाला. ही हकिगत मामीनं आजवर शंभरदा तरी ऐकली असेल. पण ती हनुवटीला हात लावून अशी ऐकत होती, जणू त्या सायकलीचं पुढं काय झालं ते तिला ठाऊकच नव्हतं.