हॅटवर बसलो त्याची गोष्ट

जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, जागा धरायला लोक टिश्यूचं पाकीट ठेवतात. एका आजोबांनी मात्र खुर्चीवर काउबॉयची हॅट ठेवली होती आणि मी तिच्यावर बसलो.

ते नूडल्स घेऊन आले. स्वस्तातल्या काउबॉयपटांत घोड्यावरून पडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि तेव्हाची ही एकच वस्तू उरली होती. शेजारी बसलेल्या बायकोदेखत मी माफी मागत राहिलो. त्यांनी आतून बुक्के मारून हॅट फुगवली, तिरकी चढवली अन् म्हणाले, "दर सिनेमात मेलो, पण पडताना हिला कधी चेपू दिलं नाही. आता कसा दिसतो?"

"एकदम हिरो."

मरायची सवय असलेला तो माणूस चक्क लाजला.

परतताना बायको म्हणाली, "इतके घोडे, इतके गुंड, आणि शेवटी हॅटवर नेम साधला तो तुमच्या बुडानं."