माझ्यापाशीच की

जैतूनचाची बाळाला कधी नावानं हाक मारत नसत. संस्थेकडून त्यांच्या घरी सांभाळायला गेलेलं प्रत्येक बाळ त्यांच्या तोंडी ‘पावणं’ असायचं. “हळू बोला, पावणं निजलंय.” “पावण्याचं दूध कोमट झालं का बगा.” कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतातच, पण दुपट्यात गुंडाळलेल्या जिवाला तसं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. एकदा धीर करून कारण विचारलं. “जाणार हाय हे आदीच ठावं असल्यालं बरं असतंय,” त्या म्हणाल्या आणि बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायला लागल्या.

ज्या बाळांचे आईवडील आजारपणामुळं किंवा आणखी कशामुळं काही काळ त्यांना सांभाळू शकत नाहीत, अशी बाळं दुसऱ्या कुटुंबांत ठेवणारी आमची संस्था. कार्यालय शाहूपुरीत. घरोघरी जाऊन पाहणी करायची आणि फॉर्म भरायचे, हे माझं काम. फॉर्म इंग्रजीत असत आणि कार्यालयात पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटी, त्यामुळं ते सगळे माझ्याकडं यायचे. माझं मराठी घरातल्यापुरतं होतं. वस्तीतली मोठ्या आवाजातली भरभर बोली मला अर्धीच कळायची, आणि उरलेल्या अर्ध्याला मी मान डोलवायची. मी कमी बोलते म्हणजे मला सगळं समजतं, असा लोकांचा समज होता. तो मी कधी दुरुस्त केला नाही.

चाचींचं घर कसबा बावड्यात. त्यांचे यजमान रसूलचाचा गाद्या भरून द्यायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. गेल्या वर्षी त्यांच्याकडं पाच महिन्यांची एक मुलगी द्यायची ठरली. तिची आई दवाखान्यात होती, बरी व्हायला वेळ लागणार होता. कापसाची धूळ मागच्या खोलीपर्यंत येत नाही ना, हे मी आधी पाहून घेतलं. मग झोपायच्या व्यवस्थेचा कागद काढला. बाळाला स्वतःचं वेगळं अंथरूण हवं. सपाट आणि कडक. त्यात उशी, गोधडी, काहीही नको. झोळी चालणार नाही. मोठ्या माणसाच्या अंथरुणात तर अजिबात नाही.

“झोळी न्हाय?” चाचींनी आढ्याच्या कडीकडं बघितलं. “माझी चार पोरं त्या कडीला वाढल्यात.”

“झोळीत मान वाकते, चाची. श्वास अडकू शकतो.”

“बरं. आणि मव्हरीची उशी?”

“ती पण नाही.”

“मग डोस्कं चपटं झालं तर तुमचं हापिस गोल करून देणार व्हय?”

मी कागद उलटून बघितला. त्या मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, “भिऊ नगंस. न्हाय म्हणजे न्हाय. मी करतो सगळं तुज्या कागदापरमानं.” बावड्यातल्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही ‘मी येतो, मी करतो’ असंच बोलत. म्याडमवरून त्या त्याच दिवशी ‘तू’वर आल्या होत्या.

तयार पाळणा बघायला आम्ही दोघी शाहूपुरीतल्या एका दुकानात गेलो. तिथले पाळणे राजवाड्यातले वाटावेत असे, आणि किमतीही तशाच. चाचींनी गादीत अंगठा रुतवून बघितला.

“मावशी, घ्यायचं असंल तर दाबा,” दुकानदार म्हणाला.

“गादीवाल्याची बायकू हाय मी. दाबल्याबिगर घेतो व्हय?” त्यांनी अंगठा काढला, तरी खळगा तसाच राहिला. “ह्यात पावणं बुडंल की! आणि कडंला ह्या उश्या कशाला लावल्यात? नवरदेव बसणार हाय काय?”

दुकानात सगळ्यांसमोर मी हसले. मी तशी हसत नाही.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या कडेच्या मऊ उश्या आमच्या नियमातही बसत नव्हत्या. म्हणजे महाग होतं ते चालणारं नव्हतं, आणि चालणारं विकत मिळत नव्हतं. शेवटी शेजारच्या सुताराकडून त्यांनी जुन्या दाराच्या लाकडाचा बुटका पलंग करून घेतला, चारी बाजूंनी उभ्या दांड्यांचा. दोन दांड्यांच्या मधून बाळाचं अंग जाऊ नये, असं मी सांगितलं होतं. चाची रोज चहाचा ग्लास घेऊन सुताराकडं जायच्या आणि प्रत्येक फटीत घालून बघायच्या. एका फटीतून ग्लास गेला, तर त्याला ती बाजू पुन्हा करायला लावली. गादी रसूलचाचांनी काथ्याची केली. तीनदा केली. “जल्मभर मऊ भरत आलो,” ते कुरकुरले, “आता म्हातारपणी ही पोरगी फरशी भरायला सांगती.” तिसऱ्या वेळी चाचींनी दोन्ही हातांनी सगळा भार टाकून बघितला, आणि मला बोलावलं. मी फॉर्मवर बरोबरची खूण केली. बाळ आलं.

पहिले दोन महिने मी वेळेवर गेले. बाळ उताणं, शांत झोपलेलं असायचं. तिसऱ्या महिन्यात मी गेले नाही, फोन केला. कामं साठली होती हे खरं. पण त्या गल्लीत शिरलं की चार बायका माझ्या लग्नाची चौकशी करायच्या, ते टाळायचं होतं हेही खरं.

“बाळ कुठं झोपतं, चाची?”

मागं कापूस पिंजायचं यंत्र घरघरत होतं. “माझ्यापाशीच की!” त्या ओरडून म्हणाल्या. “दुसरं कुटं झोपंल?”

कार्यालयात सगळे म्हणायचे, लोक समोर हो हो म्हणतात आणि महिनाभरात बाळ आपल्या अंथरुणात घेतात. मला वाटलं, चाचीही त्यातल्याच निघाल्या. वाईट वाटलं, थोडा रागही आला. पाशी म्हणजे नेमकं कुठं, एवढं विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी “बरं” म्हटलं, फोन ठेवला आणि इंग्रजीत एक छोटं, व्याकरणशुद्ध वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ होत होता, बाळ त्या बाईंबरोबर त्यांच्याच अंथरुणात झोपतं.

ते वाक्य बाळांबद्दलचे निर्णय घेणाऱ्या समितीपुढं गेलं. लेखी सूचना देऊनही नियम मोडला, म्हणून बाळाला हलवायचं ठरलं.

आणायला मी आणि माझ्या वरिष्ठ बाई गेलो. बाई पुढच्या खोलीत चाचांची सही घेत होत्या. मी मागं गेले. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. जमिनीवर चाचींची सतरंजी होती, आणि तिला अगदी लागून तो बुटका पलंग. रात्री हात लांब केला की दांड्यांतून बाळाला लागेल, इतका जवळ. बाळ पलंगात होतं, उताणं. आत उशी नव्हती, गोधडी नव्हती. स्वतःची खाट सोडून त्या माउलीनं जमिनीवर बिछाना केला होता. पाशी म्हणजे हे होतं.

“काय चुकलं गं आमचं?” चाची बाळाचे कपडे पिशवीत भरत होत्या.

“ऑर्डर आहे,” मी म्हणाले.

वरिष्ठ बाई दहा पावलांवर होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. चाचींनी वाद घातला नाही. एरवी दुकानदाराला न सोडणारी ही बाई त्या दिवशी एवढंच म्हणाली, “गाडीत वारं लागंल, कान झाकून न्या.”

दोन दिवसांनी मी वरिष्ठ बाईंना खरं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं. पण तोवर बाळ दुसऱ्या गावच्या बालगृहात पोचलं होतं. त्याला सारखं सारखं हलवणं बरं नव्हे, असं समितीचं उत्तर आलं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

चाचींकडं जायला मला चार महिने लागले. चाचांना धाप लागायची म्हणून दोघं आजऱ्याला लेकीकडं निघाली आहेत, असं कळलं तेव्हा गेले. घरात गाठोडी बांधलेली होती. बसायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं. तो फोन, ते वाक्य.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “तू मराठीत इचारलंस. मी मराठीत सांगितलं. मग मधी झालं काय?”

त्यांनी एक गाठोडं बाजूला सारून मला बसायला जागा केली.

“बरं, ते ऱ्हाऊ दे. तिकडं झोपती का ती नीट?”

“मला माहीत नाही.”

“चार म्हैने झालं, आणि तुला ठावं न्हाय?” त्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. “मग इचार की! फोन हाय न्हवं हातात?”

मी त्यांच्यासमोरच बालगृहाला फोन लावला. माझं नाव सांगितलं, संस्थेचं सांगितलं. पलीकडच्या बाई बऱ्या स्वभावाच्या वाटल्या. “हो हो, नीट झोपते,” त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवला नाही. “नीट म्हणजे कशी?” मी विचारलं.

त्या जरा घुटमळल्या. “आधी रडते बराच वेळ. दांड्यांतून हात बाहेर काढते आणि चाचपडत राहते. आम्ही दोघीच असतो हो, इतक्या मुलांना. मग दमून झोपते.”

मी आभार मानले. चाची माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“नीट झोपते,” मी म्हणाले.

त्या गाठोड्याची गाठ घट्ट करायला वाकल्या. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही.