त्रिवेणीबाईंचा जांभळा

मलकपेठेतल्या मुलींच्या शाळेत त्रिवेणीबाई नववी-दहावीला शिवण शिकवायच्या. माहेर उदगीरकडचं, पण लग्नानंतरचा सगळा जन्म हैदराबादेत गेलेला. घरात मराठी, वर्गात दखनी उर्दू, आणि अगदीच अडलं तर तेलुगू. कटिंग काय, कुणीही शिकवेल, पण रंग शिकवावा तर त्रिवेणीबाईंनीच, असं शाळेतल्या इतर बायकाही म्हणायच्या. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी चिंध्यांचं एक रंगचक्र चिकटवलं होतं. लालासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा.

"समोरासमोरचे रंग भांडतात," त्या मुलींना सांगायच्या, "आणि भांडतात म्हणूनच एकमेकांना उठाव देतात. एकाला अंगभर द्या, दुसऱ्याला काठापुरता ठेवा."

दिवाळीनंतर कधीतरी त्यांचं बिनसायला लागलं. घरात पाऊल टाकलं की भिंती मळकट वाटायच्या. "अहो, रंग पिवळा पडलाय, पुन्हा लावून घेऊ," असं त्यांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं. अनिलराव सिकंदराबादला रेल्वेत होते, स्वभावानं शांत. "गेल्याच वर्षी तर लावला," एवढंच ते म्हणाले. बाईंनी दिवे बदलले, पडदे धुतले. तरी जीव काही एका जागी ठरेना.

त्याच दिवसांत वर्गात नौशीन नावाची दहावीतली मुलगी सलवारीला शिलाई घालत होती. कापड गडद निळं. बाईंनी पेटीतून रीळ काढून तिच्या हातात दिलं. नौशीननं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि हळूच म्हणाली, "टीचर, ये तो काला है."

"नीट बघ. निळाच आहे. गप शिव."

नौशीन गप शिवत बसली. शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बाईंना ते दिसलं, आणि दिवसभर ते मनातून गेलं नाही.

मग स्नेहसंमेलन आलं. नाचाच्या मुलींसाठी पिवळे कुर्ते वर्गानंच शिवले होते. त्यावर फिक्या जांभळ्या ओढण्या हव्यात, हे बाईंनी ठरवलं आणि रंगाऱ्याकडे स्वतः गेल्या. पहिला नमुना त्यांना तपकिरी वाटला. "निळा घाला थोडा," त्या म्हणाल्या. दुसराही मातकट वाटला. "अजून घाला." रंगाऱ्यानं सांगितलं तसं केलं. संमेलनाच्या दिवशी मंचावर मुली नाचल्या, टाळ्या पडल्या, पण खाली उतरल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ओढण्या मात्र जरा शाईसारख्या झाल्या, नाही का?" बाईंनी हसण्यावारी नेलं. बसमध्ये मात्र त्यांना बसवेना. जागा असूनही त्या दांडा धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. त्यांनी चिंध्यांचा डबा टेबलावर उपडा केला आणि भिंतीकडे पाठ करून चक्र लावायला बसल्या. लाल, नारिंगी, पिवळा भराभर लागले. हिरव्याशी हात अडखळला. जांभळ्याशी थांबलाच. त्यांनी एक तुकडा उचलला, ठेवला, परत उचलला, शेवटी तिथेच ठेवला. तेवढ्यात कात्री विसरलेली नौशीन आत आली आणि टेबलापाशी थबकली. ती लावलेल्या तुकड्यांकडे बघत राहिली.

"बोल ना," बाई म्हणाल्या.

"पिछले टाइम बोली तो आप डाँटे थे, टीचर."

"आता नाही रागावणार. बोल."

नौशीननं चक्रातला एक तुकडा उचलला आणि ढिगातला दुसरा त्याच्या जागी ठेवला. बाईंनी जांभळा म्हणून ठेवलेला तुकडा चॉकलेटी होता.

त्या संध्याकाळी त्यांनी अनिलरावांना सगळं सांगितलं. सांगताना आवाज नेहमीसारखाच होता, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं आणि सोडणं काही थांबलं नाही. डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. भिंग पिवळं पडलं की निळा-जांभळा आधी जातो, माणसाला पत्ताही लागत नाही, असं ते म्हणाले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं.

पट्टी निघाली आणि घराची भिंत पांढरीशुभ्र निघाली. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची प्लॅस्टिकची बादली इतकी निळी होती की बाई दचकल्या. त्यांनी उजवा डोळा झाकला. बादली विझली. डावा झाकला, पेटली. दिवसभर त्यांना हाच चाळा लागला. अनिलराव वैतागून म्हणाले, "अगं, डोळ्याला आराम दे."

"कसा देऊ? किती मुलींना मी काय काय दाखवत आले असेन."

"शिकल्या ना त्या?"

बाईंनी परत उजवा डोळा झाकून बादलीकडे बघितलं.

शाळेत परतल्या तेव्हा त्यांनी पिवळा जिलेटिन कागद विकत नेला होता. प्रत्येक मुलीला एक तुकडा दिला आणि भिंतीवरचं चक्र त्यातून बघायला लावलं. वर्गात एकच गलका झाला. निळा राखाडी झाला, जांभळा मातीत गेला, पांढरा आणि मोतिया यांतला फरकच उरला नाही. "मला असंच दिसत होतं," बाई म्हणाल्या. मुलींनी कागद खाली केले. "आणि नौशीननं सांगितलं तेव्हा मी तिला गप बसवलं. माझं चुकलं."

नौशीन मान खाली घालून जिलेटिनची घडी घालत राहिली.

मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, "फिर असली रंग कौनसा, टीचर?"

बाईंनी भिंतीवरच्या चक्राकडे बघितलं. "घालणारी ज्या उजेडात वावरणार, त्या उजेडात चारचौघींना दिसेल तो," त्या म्हणाल्या. "एकटीच्या डोळ्यावर जायचं नाही. माझ्यासुद्धा." उत्तर मुलींनी लिहून घेतलं. बाईंचं मात्र त्यानं समाधान झालं नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. शाळेत परीक्षा आहेत, मग पाहुणे आहेत. खरं कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अनिलरावांना दिसलं. कपाट उघडं होतं आणि पलंगावर सगळ्या साड्या पसरल्या होत्या. बाई उजवा डोळा तळहातानं झाकून एकेक साडी बघत होत्या. डाव्या डोळ्याला दिसणारे हे रंग उद्यानंतर कायमचे जाणार होते.

"आपल्या लग्नातला माझा शालू कुठल्या लाल रंगाचा होता हो?"

"लाल म्हणजे लाल."

"तसं नाही. डावा डोळा विटकरी सांगतो, उजवा राणी सांगतो. त्या दिवशी कसा दिसत होता?"

अनिलराव पलंगाच्या कडेला बसले. शालूकडे बघून म्हणाले, "त्या दिवशी मी काही शालूकडे बघत नव्हतो."

बाईंना हसू आलं. हसता हसताच त्यांनी हात बदलला, डावा डोळा झाकला आणि पुढची साडी उचलली.