सुमनआत्यांच्या गळ्यातलं नाणं

गाडी दोन तास उशिरा रायपूरला पोचली. बूढापाऱ्यात (पारा म्हणजे वस्ती) माझ्या मेहुण्याच्या आत्या राहतात. मला जुन्या नाण्यांवरची अक्षरं थोडीफार वाचता येतात हे कळल्यापासून सुमनआत्या बोलावत होत्या.

तळ्याजवळच्या गल्लीत रिक्षा शिरेना, म्हणून शेवटचा टप्पा पायी गेलो. आत्यांनी फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके) पुढे ठेवला आणि गळ्यातली काळी दोरी काढून हातात दिली. तिच्यात ओवलेलं चांदीचं नाणं झिजून गुळगुळीत झालं होतं, कडी तुटायला आली होती. पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपूरहून आले तेव्हा त्यांना हे मिळालं, असं सासूबाईंनी आत्यांना सांगितलं होतं. आत्यांनी ते नातीला, ऋचाला सांगितलं.

दुपारी तिघं सदर बाजारात गेलो. स्कूटरींच्या गर्दीतून ऋचा आत्यांचा हात धरून चालत होती. सराफ म्हणाला, नाणं फार पातळ झालंय, नवी कडी जोडायला तापवलं तर वाकेल. त्यापेक्षा भोवती चांदीची चौकट बसवू. त्याच्याच भिंगातून मी पाहिलं. अरबी लिपीतला ‘सुलतान’ हा शब्द लागला, पुढचं नाव पुसलेलं. अक्षरांच्या वळणावरून नाणं दिल्लीच्या सुलतानांच्या काळातलं, भोसल्यांच्या कितीतरी आधीचं. मी तसं सांगून टाकलं.

“तो फिर आजी, वो कहानी झूठी थी?” ऋचानं विचारलं.

चौकट बसेपर्यंत आत्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. परतताना तळ्याजवळ थांबून मला म्हणाल्या, “मी पोट्टीले इतकी वर्षं खोटं सांगून राहिली होती का?”

मी म्हणालो, नाणं कुणी पाडलं एवढंच त्यावर लिहिलेलं असतं, कुणी कुणाला दिलं ते नसतं. तुमच्या पूर्वजांना मिळालं तेव्हाही ते जुनंच असेल.

“असेल?”

“असेल. होतंच, असं मला म्हणता येणार नाही.”

“हव (बरं),” त्या म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी नाणं ऋचाच्या गळ्यात घातलं आणि गोष्ट पुन्हा सांगितली. या खेपेला ती सुलतानापासून सुरू झाली, आणि तिच्यात ‘असेल’ दोनदा आलं.

आजवर कितीतरी लोकांना मी त्यांची नाणी वाचून दाखवली. वाचल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हे पाहायला कधी थांबलो नव्हतो. रायपूरला थांबलो, तेही परतीची गाडी संध्याकाळी होती म्हणून.