उजवा पाय

आमच्या शाळेच्या दारावर ‘सेवा’ हा शब्द कोरलेला होता. तो शब्द कुठेही दिसला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

सोलापुरातली ती कॅथलिक मुलांची शाळा आणि तिला लागून बोर्डिंग. आम्ही सगळे म्हणे एकाच देवाची लेकरं. पण रेल्वेतल्या गार्ड-कारकुनांची लेकरं मिस्साच्या, म्हणजे देवळातल्या उपासनेच्या, वेळी वेदीवर सेवा करत आणि आम्हा गावाकडच्यांची सेवा संडास झाडण्याची. धर्मशिक्षणाचे मास्तर म्हणत, “सेवेत लहानमोठं नसतं.” त्यांच्या हातात झाडू मात्र मी कधी पाहिला नाही.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा मुलांचे उजवे पाय धुवून त्यांवर ओठ टेकवत. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. बारा जण धर्मशिक्षणाच्या परीक्षेवरून निवडले जात. त्या वर्षी मी पहिला आलो. माझं नाव वाचताना मास्तरांनी कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं, पण वाचलं.

शनिवारी मी होटगीला घरी गेलो. आमचा धंदा कातडी कमावण्याचा. आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

“गोरा फादर तुज्या पायाला हात लावनार?”

“ओठबी लावतेत.”

“मी येते की बगायला,” ती म्हणाली.

मग आनंदाच्या भरात मी वडिलांबरोबर हौदात उतरलो आणि तरवडाच्या सालीच्या पाण्यात दिवसभर कातडी तुडवली. तो रंग महिनाभर पाय सोडत नाही, हे मला पाठ होतं. पण त्या दिवशी आठवतंय कुणाला!

बुधवारी मास्तरांनी बारा जणांना तालमीला बसवलं. माझ्या पायाशी आले आणि नाकाला रुमाल लावला.

“ह्याला फादरांनी ओठ लावायचे? वीट घे आणि घास.”

नळावर बसून मी विटेच्या तुकड्याने पाय घासला. रक्त आलं, रंग गेला नाही. मास्तरांनी माझ्या जागी एका गार्डाचा मुलगा घेतला. तो परीक्षेत नापास झाला होता, पण त्याचे पाय गोरे होते. मी फादरांकडे गेलो. त्यांनी माझं ऐकून घेतलं, पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू पाण्याची झारी धर. तीही सेवाच.” मग पुन्हा प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घातलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

गुरुवारी मी झारी धरली. बारा मुलं बाकावर बसली होती. त्यांच्या आयांनी आदल्या दिवशीच साबण लावून चोळलेले बारा पाय फादरांनी एकेक करून धुतले. शेवटी घंगाळातलं पाणी मी मागच्या अंगणात नेऊन ओतलं. पाणी जसंच्या तसं नितळ होतं. त्या अख्ख्या देवळात धुवायला हवा असा पाय एकच होता, आणि तो झारीपाशी उभा होता. मला फादरांचा संताप आला, मास्तरांचा आला, आणि खरं सांगायचं तर देवाचाही आला.

बाहेर आलो तर आई लिंबाखाली उभी. सकाळच्या गाडीने आली होती. बायकांत अगदी मागे बसलेली, पुढच्या पदरांआडून तिला काहीच दिसलं नव्हतं.

“धुतला न्हवं पाय?” तिने विचारलं. तिचा चेहरा असा फुलला होता की मला नाही म्हणवेना.

“व्हय,” मी म्हणालो.

ती तिथेच धुळीत बसली आणि माझा उजवा पाय तिने मांडीवर घेतला. सोललेला, कडेने अजून तांबूस.

“फादरनं धुतला तरी रंग गेला न्हाय की!” ती हसली. मग, जिथे फादरांचे ओठ टेकले असं तिला वाटत होतं, तिथे तिने आपले ओठ टेकवले.

त्या खोट्याचं पापनिवेदन मी आजवर कुठल्याच फादरपुढे केलेलं नाही. क्षमा मागायचीच असेल, तर आधी त्या फादरांनी आणि मास्तरांनी माझ्या आईची मागावी.