तात्या आणि डावं वळण

माझ्या तात्यांना राष्ट्रीय पदक मिळालं नव्हतं.

सकाळपासून ग्रुपवर "पदक विजेते" असं फिरतंय. कृपया काढून टाका. तात्या आज पहाटे गेले. गेलेल्या माणसाला न मिळालेलं देऊ नये.

जे झालं ते नीट सांगतो.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. गाव बेंबळी. उस्मानाबादला कचेरीत कारकून. रोज सायकलवर जायचं, सायकलवर यायचं. साठच्या दशकातली गोष्ट.

एका रोड रेसमध्ये त्यांनी भल्याभल्यांना मागं टाकलं, आणि राज्याच्या टीममध्ये नाव लागलं. नॅशनलला. पण रोडवर नाही, ट्रॅकवर.

ट्रॅक कुणी बघितलाय? तात्यांना एवढंच कळलं की गोल फिरायचं असतं.

मग प्रॅक्टिस कुठं? मारुतीच्या पटांगणात. मधोमध देऊळ, भोवती मोकळी जागा. मारुतीची पूजा आमच्याच घराकडं, त्यामुळं अडवणारं कुणी नाही.

आजोबांनी एकच अट घातली. "देव उजव्या हाताला राहू दे."

तात्या तीन महिने मारुतीला प्रदक्षिणा घालत सुटले. चक्कर येईपर्यंत.

नॅशनलचा ट्रॅक सिमेंटचा. वळणावर बशीच्या काठासारखा वर चढलेला. सायकल टीमची, ब्रेक नसलेली. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही.

तात्यांनी नमस्कार केला, सायकल घेतली आणि निघाले.

समोरून पाच-सहा जण अंगावर आले.

शिट्ट्या. आरडाओरडा. तात्या कसेबसे गवतावर उतरले. मॅनेजर पुण्याचे, ते धावत आले.

"अहो, कुठं निघालात?"

"राऊंड मारतोय."

"उलटा?"

"म्या सुलटाच हाय, साहेब. हे समदेच उलटे निघालेत."

"ट्रॅकवर मध्य डाव्या हाताला असतो. जगभर. तुम्ही काय देवळात आहात का?"

"व्हय. तिथंच शिकलो."

सगळी टीम हसली. तात्या हसले नाहीत. मॅनेजर पण नाही.

ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत डावं वळण जमलं तर उद्या उतरा. नाहीतर मी रिझर्व्हला उतरवतो. राज्याचं नाव आहे, राग मानू नका."

तुम्हाला वाटेल, दिशाच तर बदलायची.

करून बघा. तीन महिने अंगाला उजवीकडं झुकायची सवय. डावीकडं वळायला गेले की खांदा आडवा यायचा आणि सायकल वर वर, कठड्याकडं सरकायची. दोनदा पडले. कोपर सोललं.

दुपारी पंजाबचा एक उंच सरदारजी हे बघत बसला होता. तो उठून आला. तात्यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतनं. त्यामुळं बोलणं लगेच जुळलं.

"भाईजान, मोड़ को क्यों देखते हो? मेरा पिछला पहिया देखो. बस."

तो पुढं, तात्या मागं. वळणाकडं बघायचंच नाही, फक्त त्याचं मागचं चाक. दहा-बारा राऊंड झाल्यावर खांदा सैल पडला.

मॅनेजरनी बघितलं. "उतरा उद्या," एवढंच म्हणाले.

रेस होती परसूट. मी शाळेत फार टिकलो नाही, पण या खेळाचे नियम डिक्शनरी घेऊन वाचलेत, म्हणून नेमकं सांगतो. दोघांना ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना उभं करतात. एकाच दिशेनं सुटायचं, एकमेकांचा पाठलाग करायचा. चार किलोमीटर. मध्येच दुसऱ्यानं गाठलं तर तुमची रेस तिथंच संपली.

तात्यांच्या समोर कोण आलं? तोच सरदारजी.

"सोडील का तुला थोडं?" टीममधल्या एकानं विचारलं.

"सोडलं तर म्या बोलणार न्हाय त्याच्याशी," तात्या म्हणाले.

त्यानं सोडलं नाही. अर्ध्या रेसलाच तो निम्मं अंतर खाऊन बसला होता.

"मागं त्याच्या चाकाचा आवाज यायला लागला," तात्या मला सांगायचे. "आन पुढं बघायला कुणाचं चाकच न्हाय. मग आपल्याच पुढच्या चाकाकडं बघितलं आन दामटली."

शेवटच्या राऊंडची घंटा झाली तेव्हा तो अगदी पाठीशी होता.

गाठू दिलं नाही. तात्या हरले, पण चार किलोमीटर पुरे करून हरले. नावापुढं टाइम नोंदला गेला.

मॅनेजर म्हणाले, "पुढच्या वर्षी या. शिकून या."

गावी आल्यावर आजोबांनी विचारलं, "हरलास?"

"हरलो. पन गाठू दिलं न्हाय. फुडल्या साली बोलावलंय. आता डाव्या अंगानं फिरावं लागंल, आबा. मारुतीला उलटा फेरा पडतोय."

पारावरनं कुणीतरी सुनावलं, "देवाला उलटं फिरून कुठलं पदक मिळतंय रं?"

आजोबा म्हणाले, "सुलटं फिरून तरी कुठं मिळालं?"

मग तात्यांकडं वळले.

"सकाळची पूजा झाली की म्या दार लावून घेतो. देव आत, तू भायेर. दार उघडंस्तवर फीर तुला फिरायचं तसं."

वर्षभर आमच्या मारुतीचं दार सकाळी तासभर बंद राहिलं. दर्शनाला आलेली माणसं पारावर बसून तात्यांचे राऊंड मोजायची. चुकले की भांडायची. सुनावणारा गडीही त्यातच.

पुढच्या वर्षी तात्या पहिली फेरी जिंकले. दुसऱ्या फेरीत बाहेर पडले.

आमच्या भागातनं तिथवर पोचलेलं दुसरं कुणी मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर जरूर कळवा, आनंदच होईल.

तात्या, जावा आता निवांत. आमचा सगळ्यांचा नमस्कार.